मीटरगेजवरची राजधानी : प्रस्तावना

महानगराच्या प्रेमात पडण्याचे मराठीतील वाङ्मय बव्हंशी मुंबईचे आहे आणि उरलेले पुण्याचे. ज्यांच्या आयुष्याची वाट त्या दोन शहरांकडे जात होती त्यांनीच ते लिहिले असल्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. परंतु परभणी जिल्ह्यातील ज्या माणसांविषयी पुढील लेख आहेत त्यांची वाट निराळी होती. सेलूचा कापसाचा अडत्या, जिंतूरचा वतनदार, गंगाखेडचा पुराणिक, वसमतचा विद्यार्थी किंवा पूर्णा जंक्शनवरचा फायरमन यांपैकी कोणीही ‘शहरातून आलो’ म्हणाला तर कोणत्या शहरातून, हे विचारण्याचा प्रसंग ऐकणाऱ्यावर येत नसे. ते हैदराबाद होते. आणि राज्याचा नकाशा बदलल्यावरही पुष्कळ वर्षे तेच राहिले.

नकाशा बदलला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. त्या दिवशी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाले, परभणीच्या कचेरीत हैदराबादेहून येणारे हुकूम मुंबईहून येऊ लागले, आणि वरिष्ठ न्यायालयातील अपिलांचे कागद पूर्वेकडे जावयाचे ते पश्चिमेकडे जाऊ लागले. पण राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने दोन रुळांमधले अंतर बदलत नाही. मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंतचा, निजामाच्या अमदानीत विसाव्या शतकाच्या तोंडावर पुरा झालेला लोहमार्ग मीटरगेजचा होता आणि मुंबईचा मार्ग ब्रॉडगेजचा. त्यामुळे परभणीच्या माणसाला आपल्या नव्या राजधानीस जावयाचे झाल्यास मनमाडला उतरून, वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि पेंगुळलेली पोरे यांसह गाडी बदलणे प्राप्त होते, उलट जुन्या राजधानीस जावयाचे तर परभणीस एकदा टेकलेल्या माणसाला काचीगुडा येईपर्यंत जागचे उठण्याचे कारण पडत नव्हते. राजधानी कोणती असावी हे कायदेमंडळ ठरवते; पण ती जवळची वाटते की दूरची, हे पुष्कळदा मनमाडच्या फलाटावर मध्यरात्री हमाल शोधणारा माणूस ठरवतो.

ह्या रेल्वेची मालकी पुढे अनेक हात फिरली. 1930 साली ती निजाम सरकारने खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली, 1951 साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली, आणि 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन होऊन तिचे मुख्यालय सिकंदराबादेस झाले. म्हणजे मुंबई राज्यात जाऊन दहा वर्षे आणि महाराष्ट्र राज्यात जाऊन सहा वर्षे लोटल्यावर परभणीचे स्टेशन पुन्हा एकवार हैदराबादच्या जुळ्या शहराच्या अमलाखाली आले, आणि आजही ते तेथेच आहे. 2003 साली नांदेडचा निराळा विभाग झाला तरी वरिष्ठ कचेरी सिकंदराबादचीच राहिली. तहसील मुंबईची, तिकीट सिकंदराबादचे, अशी ही दुहेरी जमाबंदी आमच्या जिल्ह्याच्या वाट्यास आली आहे, आणि ह्या पुस्तकातील बहुतेक लेखांचे मूळ तीतच सापडेल.

आता, राजधानीविषयी प्रेम वाटावे असे तिने आमच्यासाठी काही केले होते काय, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. परभणीचा शेतकरी ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या ज्वारी पिकवीत होता त्या जमिनीचा कागद त्याला वाचता येत नसे, आणि आजही जुन्या पेट्यांतून निघालेले ते कागद घेऊन त्याचे नातू वाचणारा शोधत फिरताना दिसतात. फर्मान निघे ते शहरात, ते छापले जाई ते जरीद्यात, आणि गावापर्यंत पोहोचे ते पाटील-पटवाऱ्याच्या तोंडून, त्यास सोयीचे असेल तेवढेच. अव्वल तालुकदाराची स्वारी आली की तिच्या खाण्यापिण्याची तजवीज गावाने करावी, आणि त्या तालुकदाराविरुद्ध दाद मागावयाची तर पुन्हा त्याच शहराची पायरी चढावी. अशा शहरात माणूस जाई तो प्रेमाने जात नसे, गरजेने जात असे.

परंतु गरजेने गेलेल्या माणसाचेही काही तास रिकामे असतात, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथे आहे. ज्याचे अपील अदालतीत पडले आहे तो वकिलाच्या दारी सकाळी पोहोचतो, दुपारपर्यंत अदालतीच्या व्हरांड्यात उकिडवा बसतो, आणि पेशकार पुकारतो की मिसल आली नाही, तारीख पुढची. ज्याचा भाऊ उस्मानिया दवाखान्यात पडला आहे त्याला आत सोडतात ते ठराविक वेळी. बाकीचा दिवस त्याने मुसीच्या काठावर काढावयाचा. ज्याने महाविद्यालयात नाव घालण्यासाठी अर्ज दिला आहे त्याला आठ दिवसांनी या म्हणून सांगतात, आणि आठ दिवसांकरिता परभणीस परत जाण्याइतके भाडे त्याच्या खिशात नसते. ह्या तिघांनाही शहर आपल्या इच्छेविरुद्ध मोकळा वेळ देते. राजवाड्यांची, देवड्यांची, क्लबांची दारे शिफारशीवाचून उघडत नव्हती. शिफारस न विचारता परगावच्या फाटक्या माणसाला आत घेणाऱ्या दोनच जागा त्या शहरात होत्या, एक बसगाडी आणि दुसरी इराण्याचे हॉटेल. तारीख पडली म्हणून आमचा माणूस बसमध्ये चढला, भूक लागली म्हणून इराण्याकडे शिरला, आणि अशा अनेक तारखांनंतर त्याच्या ध्यानात आले की खटल्याचा निकाल लागल्यावर आपल्याला येथे येण्यास निमित्त उरणार नाही, ह्या विचाराने आपण किंचित उदास झालो आहोत. परभणीच्या माणसाचे हैदराबादवरचे प्रेम हे तहकुबीचे अपत्य आहे.

ह्या नियमाला थोर अपवाद आहेत, आणि त्यांचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात मोडणाऱ्या वसमत तालुक्यातील पुरजळ गावी जन्मलेले केशवराव कोरटकर हैदराबादेत वकील म्हणून नावारूपास आले, तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि 1907 साली सुरू झालेल्या विवेक वर्धिनी शाळेच्या उभारणीत वामनराव नाईकांच्या बरोबरीने त्यांचा वाटा राहिला. नारायणगुड्यातील विद्यालय आजही केशवरावांचे नाव चालवते. त्या विवेक वर्धिनीत शिकलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी पुढे परभणीच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत राहिले आणि बी. रघुनाथ या नावाने मराठी कवितेत व कादंबरीत अमर झाले. नरहर कुरुंदकर नांदापूरचे. ते हैदराबादच्या सिटी कॉलेजात गेले, आणि त्यांचे मामा नारायणराव नांदापूरकर त्याच शहरात मराठीचे अध्यापन करीत होते. 1931 साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरले तेव्हा ज्ञानकोशकार केतकर अध्यक्षस्थानी होते. ही सारी इतिहासाच्या पुस्तकात जाण्याच्या योग्यतेची माणसे, आणि ती तेथे गेलेलीही आहेत. आमचा विषय मात्र ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत अशांचा आहे. तरीही एका गोष्टीची मौज वाटते. काचीगुड्याचे 1916 सालचे स्टेशन, मुसीकाठचे उच्च न्यायालय, सिटी कॉलेज आणि उस्मानिया दवाखाना, ह्या चारही इमारती व्हिन्सेंट एश नावाच्या एकाच इंग्रज वास्तुविशारदाच्या हातच्या. म्हणजे आमच्या जिल्ह्याचा माणूस विद्यार्थी असो, पक्षकार असो की रोगी, तो गाडीतून उतरे एशच्या घुमटाखाली आणि ज्या कामासाठी आला त्या कामासाठी शिरे तोही एशच्याच कमानीखालून. आपल्या आयुष्याची एवढी व्यवस्था एका परक्या गृहस्थाने करून ठेवली आहे हे त्याला कधी कळले नाही.

प्रवासाचे वर्णन करावयाचे तर ते शिदोरीपासून करावे लागते. परभणीकडून निघणाऱ्याच्या फडक्यात धपाटे असत, शेंगदाण्याची चटणी असे, आणि सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांतून दुधात भिजवलेल्या दशम्या असत, कारण पाण्यात भिजवलेले अन्न प्रवासात चालत नसे आणि दुधात भिजवलेले चालत असे. धर्मशास्त्राने रेल्वेशी केलेल्या तहनाम्यांपैकी हा एक. पिंगळी, मिरखेल मागे टाकून गाडी पूर्ण्यास आली की इंजिनाला पाणी आणि माणसांना चहा मिळे. नांदेड आले म्हणजे डब्यात शीख यात्रेकरू चढत आणि गर्दीची भाषा पहिल्यांदा बदले. मुदखेड, उमरी, धर्माबाद ही पुढची स्टेशने; त्यांपैकी उमरीचे नाव 30 जानेवारी 1948 रोजी तेथील बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटल्यापासून निराळ्याच आदराने उच्चारले जाऊ लागले. बासर आणि निजामाबाद यांच्या दरम्यान गाडी गोदावरी ओलांडते. गंगाखेडच्या घाटावर स्नान करणाऱ्याने बासरच्या सरस्वतीला बसल्या जागेवरून हात जोडावे, आपली नदी पुन्हा भेटली म्हणून खिडकीतून तांब्याचे नाणे टाकावे, आणि पलीकडच्या काठावर पोहोचेतो फलाटावरील विक्रेत्याची हाक तेलुगू झालेली असावी, असा तो क्रम होता. निजामाबादेच्या पुढे भाकरी विरळ होऊन भात दाट होत जातो. कामारेड्डी, मेडचल, बोलारम करीत गाडी शहराच्या कुशीत शिरते तेव्हा फडक्यातल्या शेवटच्या दशमीची कड वाळून कडक झालेली असे. पुढच्या भुकेची सोय आता शहरानेच करावयाची होती.

शहराच्या आतील प्रवासाची व्यवस्था ही त्या राज्याची खरोखर अभिमानाची गोष्ट होती, आणि ती तशी मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जून 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने आपल्या एका शाखेमार्फत 27 बसगाड्या आणि 166 नोकर यांच्या बळावर सरकारी मोटारवाहतूक सुरू केली; रेल्वेचे खाते आणि रस्त्यावरचे खाते एकच असल्यामुळे उतारू आगगाडीतून उतरला म्हणजे एका सरकारच्या ताब्यातून दुसऱ्या सरकारच्या तावडीत सापडला, असे होत नसे. गौळीगुड्याच्या बसस्थानकाचे छप्पर म्हणजे विमाने ठेवण्याची परदेशी बनावटीची एक अर्धवर्तुळाकार लोखंडी शाळा होती. कित्येक दशके तिच्याखाली विमानाऐवजी बसगाड्या उभ्या राहिल्या, आणि जुलै 2018 मध्ये ती कोसळली तेव्हा परभणीतील वृद्धांनी वर्तमानपत्रातली ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. त्या राज्यातल्या बसगाड्यांच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर असे, आणि ते निजामाच्या मातोश्रींच्या, जहरा बेगमेच्या स्मरणार्थ होते असे सांगतात. आईचे नाव पुत्राने बसच्या पाटीवर लिहावे यातला साधेपणा खरा की त्याची कंजूषगिरी खरी, यावर आमच्याकडे मतभेद आहेत.

दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढचा बाक मिळणे, हे त्या काळच्या परगावच्या माणसाचे राज्यारोहण होते. अफजलगंजाचा पूल, खाली आटलेली मुसी, डाव्या-उजव्या हाताला एशचे घुमट, पत्थरगट्टीच्या कमानी, आणि समोरून हळूहळू मोठा होत येणारा चारमिनार हे दृश्य नवाबांनी मोटारीच्या मागच्या आसनावरून पाहिले असेल त्यापेक्षा निश्चितच अधिक उंचीवरून आणि अधिक निवांतपणे त्याने पाहिले. कंडक्टर तेलुगूत हटकी, उर्दूत दरडावी, आणि उतारू सेलू-मानवताकडचा आहे हे ध्यानात आले तर मोडक्या मराठीत थट्टा करी. ज्या माणसाला अदालतीत स्वतःच्या खटल्याचा एक शब्द कळत नव्हता त्याला बसमध्ये तीन भाषांतले विनोद समजू लागले. उर्दूची भीती मोडली ती कोणत्याही मदरशाने नव्हे, तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या वादाने मोडली.

पुढच्या काळातील वाहनांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण माझा जीव त्यांत तितकासा रमत नाही. 2003 साली शहराची स्थानिक रेल्वे सुरू झाली, नोव्हेंबर 2017 मध्ये मेट्रो धावू लागली, आणि 2020 साली तिचा एक फाटा जुन्या मराठी वस्तीच्या डोक्यावरून, सुलतानबाजारातून गेला. त्या उन्नत मार्गाविरुद्ध तेथील दुकानदारांनी बराच लढा दिला होता. मेट्रो स्वच्छ आहे, वक्तशीर आहे, थंड आहे; तिच्यातून शहर उत्तम दिसते आणि त्याचा वास मात्र येत नाही. शिवाय डब्यात खाण्यास मनाई आहे. धपाट्याच्या फडक्यापासून निघालेला आमचा प्रवास जेथे खाणे निषिद्ध आहे अशा वाहनापर्यंत आला, हे प्रगतीचे लक्षण असेलही.

आता अन्नाविषयी, आणि येथे मात्र घाई करणे अपराध ठरेल. इराण्याच्या हॉटेलात प्रथम शिरणाऱ्या परभणीकराला जी गोष्ट जाणवे ती पदार्थांची नव्हे, वेळेची. संगमरवरी मेज, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि एक पेला चहा मागवून तासभर बसलेल्या माणसाला ‘उठा’ म्हणून कोणी न सांगण्याची रीत, हे त्याला नवीन होते. परभणीच्या मोंढ्यातील चहावाल्याकडे चहा उभ्याने घ्यावयाचा असतो आणि पिऊन झाल्यावर थांबलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते. येथे ‘क्या होना?’ असे विचारून पोऱ्या निघून जाई आणि पुन्हा बिल मागेपर्यंत फिरकत नसे. चहाची कृतीही संथ. पत्तीचा काढा तांब्याच्या झाकबंद भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास राहतो, दूध निराळ्या पातेल्यात आटून दाट होते, आणि गिऱ्हाइकाच्या मागणीबरोबर ही दोन पाणी एकत्र येतात. आधी एकत्र उकळून ठेवलेला चहा त्या शहरात इराणी म्हणवून घेऊ शकत नाही. ज्याला दूध अधिक आणि कडक हवा तो ‘पौना’ मागतो. दोघांत एक पेला वाटून घेणे हे दारिद्र्याचे लक्षण मानले जात नाही, मैत्रीचे मानले जाते. आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या दोहोंत फारसे अंतर नव्हते.

बशीत येणारी उस्मानिया बिस्किटे, गोड आणि खारट यांच्या सीमेवर रेंगाळणारी, सातवा निजाम उस्मान अली खान याच्या नावाने ओळखली जातात. ती त्याच्या आवडीने झाली असे एक सांगतात, उस्मानिया दवाखान्यातील रोग्यांच्या पथ्यासाठी झाली असे दुसरे सांगतात. परभणीकर बहुधा दुसऱ्या पक्षाचा असतो, कारण त्याच्या घराण्यात कोणी ना कोणी त्या दवाखान्यात राहून आलेले असते आणि तेथून परतताना कागदी पुडीत तीच बिस्किटे आलेली असतात. सिकंदराबाद स्टेशनासमोरच्या अल्फा हॉटेलात गाडीची वाट पाहत किती पिढ्यांनी लहान कांदा-समोसे संपवले, आणि त्यापायी कितीजणांची गाडी चुकली, याचा हिशेब रेल्वेने ठेवलेला नाही.

ज्या मेजावर चहा येई त्याच मेजावर कोणाही अनोळखी माणसाने येऊन बसावे, हा नियम आमच्या गावगाड्यातून गेलेल्या माणसाला पचण्यास बिर्याणीहूनही जड होता. गावात पाण्याचा घडा निराळा, पंगत निराळी, ओसरीची पायरीदेखील निराळी. संगमरवरी मेजाला ह्या भेदाची दखल घेण्याची सोय नव्हती. काहींनी घरी परतल्यावर ही गोष्ट सांगितलीच नाही. काहींनी प्रायश्चित्त म्हणून गोमूत्र घेतले आणि पुढच्या तारखेला पुन्हा त्याच मेजावर जाऊन बसले. आणि ज्यांना गावात ओसरीवरही चढू दिले जात नव्हते त्यांनी ह्या शहराची आठवण कायम काढली, तिचे कारण चहाच्या चवीत शोधण्यात अर्थ नाही.

जेवणाकडे वळावे तर प्रथम एका भ्रमाचे निराकरण आवश्यक आहे. हैदराबादचे अन्न म्हणजे बिर्याणी आणि बिर्याणी म्हणजे मांस, त्यामुळे शाकाहारी घरातून गेलेल्यांना त्या शहराची चव कळलीच नसणार, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात आमच्या माणसांना त्या शहराच्या स्वयंपाकाने जिंकले ते एका वांग्याच्या भाजीने. बघारे बैंगनात पडतात तीळ, शेंगदाणे, खोबरे आणि चिंच. आणि परभणीच्या कोणत्याही घरात भरल्या वांग्यासाठी पाट्यावर वाटले जाते ते हेच. फरक आहे तो हाताचा. आमच्याकडे मसाला काळा आणि तिखट, भाकरीपुढे उभा राहणारा. तेथे तोच ऐवज अधिक बारीक वाटला जातो, तेलात अधिक वेळ परतला जातो, आंबटपणा पुढे येतो आणि ज्वारीच्या भाकरीऐवजी भाताशी सोयरीक करतो. माहेरची साडी जावेच्या अंगावर पाहावी तसे काहीसे परभणीच्या बायकांना ती भाजी पाहून वाटले असावे. अंबाडीचेही तेच. एकच पाला: आमच्याकडे तो कण्या घालून शिजतो आणि लसणाची फोडणी मिरवतो, तेलुगू घरात त्याचे लोणचे होते, आणि मुसलमानी हंडीत तो गोश्ताबरोबर जातो. राजधानीचे दरबारी अन्न म्हणून जे लांबून भयंकर दिसत होते ते जवळ जाऊन पाहता आपल्याच कोठारातले निघाले, हा अनुभव परक्या सत्तेच्या शहराला आपले मानावयास पुरेसा होता की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्यापुरते सांगावयाचे तर, राज्यकर्ता बाहेरून येऊ शकतो, तीळ आणि शेंगदाणे बाहेरून येत नाहीत.

जे मांसाहार करीत, त्यांच्या आठवणींचा विस्तार अर्थातच मोठा आहे. सकाळची खिचडी, खिमा आणि तिळा-चिंचेचा खट्टा; पहाटेची नहारी; कच्च्या गोश्ताचे थर आणि अर्धवट शिजलेला भात एकत्र बंद करून दमावर चढवलेली हंडी; लग्नघरातून सुटणारा लुकमीचा वास; शेवटी जर्दाळूंचा गोडवा किंवा पावाच्या तुकड्यांचा ‘डबल का मीठा’. हलीमीची कथा वेगळी आहे. निजामाच्या फौजेत हद्रामौतहून आलेल्या अरबांच्या पलटणी होत्या, त्यांच्या बराकींची वस्ती आजही बारकस म्हणून ओळखली जाते, आणि त्यांच्या घरचा गहू व मांस घोटून केलेला पदार्थ दख्खनी मसाले व तूप यांच्या संगतीत बदलत गेला. रमजानच्या महिन्यात मोठाल्या देगींभोवती उभे राहून लाकडी घोटण्यांनी तो तासन्‌तास घोटला जातो. 2010 साली हैदराबादी हलीमीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. परभणीत शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला जाणाऱ्या हिंदू घरांना ह्या पदार्थाचे नाव नवे नव्हते. त्याची खरी चव मात्र शहरातच, असे खाणारे शपथेवर सांगतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने म्हणणारा आमचा माणूस ज्या मोजक्या बाबतीत दुसऱ्या गावाचे श्रेष्ठत्व बिनतक्रार मान्य करतो, त्यांपैकी ही एक.

येथपर्यंत वाचून, हे सारे गोड गोड चालले आहे, रझाकारांचे दिवस लेखक विसरला काय, असा सवाल जर कोणी केला तर तो रास्त आहे. 1947-48 च्या त्या वर्षात आमच्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांनी घरदार टाकून विदर्भाची आणि नगरची सरहद्द गाठली. गाडीच्या डब्यात कोण चढेल या भीतीने लोकांनी शहराचा प्रवास सोडला. आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली तेव्हा परभणीत जो आनंद झाला तो त्या शहराच्या सत्तेवरचा विजय म्हणूनच झाला. ह्या गोष्टी पुढील लेखांत झाकलेल्या नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की आमच्या माणसांनी दरबार आणि बाजार यांची गल्लत केली नाही. ज्या पिढीने हैदराबादविरुद्ध सत्याग्रह केला त्याच पिढीने तुरुंगातून सुटल्यावर सुलतानबाजारात जाऊन चहा घेतला, आणि ह्यात विसंगती आहे असे तिला वाटले नाही. ज्यांची माणसे त्या वर्षी मारली गेली त्यांच्यापैकी काहींनी त्या शहराचे नावही पुन्हा घेतले नाही. त्यांच्या मौनाचा मान राखावा. त्यांच्या वतीने प्रेमाची ग्वाही देण्याचा अधिकार ह्या पुस्तकाला नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आणि नव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. त्यासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झगडले होते, आणि ती मागणी सर्वस्वी न्याय्य होती. मनमाडचा अडसर गेला. परभणीचा तरुण आता रात्री गाडीत झोपतो आणि मुंबईत किंवा पुण्यात उठतो. हैदराबाद त्याच्या दृष्टीने दवाखान्यांचे, संगणकाच्या नोकऱ्यांचे आणि लग्नाच्या बस्त्याचे शहर उरले आहे. तारखांच्या निमित्ताने मिळणारे रिकामे तास त्याला मिळत नाहीत. तो सकाळी काम करून रात्री परततो, आणि भूक लागलीच तर भ्रमणध्वनीवरून जेवण मागवतो. त्याचे शहरावर प्रेम नाही असे मी म्हणत नाही. त्याला प्रेमात पडण्याइतका उशीर कोणी करू देत नाही.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही, लोहमार्गाच्या क्रमाने आहे: पूर्वार्धातील लेख परभणीपासून काचीगुड्यापर्यंतच्या स्टेशनांवरून जातात, उत्तरार्धातील शहरात पहाटेच्या नहारीपासून रात्रीच्या शेवटच्या बसपर्यंत फिरतात. हिंगोलीकडचे लेख परभणीच्या सदरातच घेतले आहेत, कारण तो जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला आणि येथे सांगितलेल्या आठवणी त्याआधीच्या आहेत. पाककृती हेतुपुरस्सर दिलेल्या नाहीत. बिर्याणीत केशर किती आणि केव्हा, या प्रश्नावर हैदराबादच्या दोन घरांचे एकमत होत नसताना तिसऱ्याने परभणीहून निवाडा देणे धाडसाचे होईल. निजामी अमदानीतील खात्यांची व हुद्द्यांची नावे त्या काळी रूढ होती तशीच ठेवली आहेत.

एका प्रकरणाविषयी मात्र खुलासा करणे भाग आहे. बायकांचे हैदराबाद हे ह्या पुस्तकातील सर्वांत लहान प्रकरण आहे. बसच्या वरच्या मजल्यावरचा बाक आणि इराण्याचे संगमरवरी मेज ह्या दोन्ही पुरुषांच्या जागा होत्या. आमच्या घरच्या बायका शहरात गेल्या त्या बहुधा रोग्याच्या सोबतीला, आणि त्यांनी शहर चाखले ते दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडून, शेजारच्या तेलुगू किंवा मुसलमान बाईने देऊ केलेल्या वाटीभर कालवणातून. ती देवघेव कोणी लिहून ठेवलेली नाही. जे हाती आले ते छापले आहे. पुढील आवृत्तीत भर घालण्याचे काम चालू ठेवले असून, ज्या घरात हे सांगू शकणारी आजी अद्याप आहे त्या घरच्या मंडळींनी तिचे सांगणे, पदार्थांच्या नावांसह आणि ती ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत, कागदावर उतरवून घ्यावे अशी विनंती आहे.